वही, खत आणि ग्रंथ

द्रव्य कसे मिळवावे, कसे राखावे आणि कसे वाढवावे हे सांगणाऱ्या पुस्तकांची आज मराठीत वाण नाही. इंग्रजीतील नावाजलेल्या पुस्तकांचे अनुवाद निघतात, त्यांच्या आवृत्त्या खपतात, आणि नुकताच नोकरीस लागलेला तरुण किंवा लहानसा धंदा काढू पाहणारी एखादी भगिनी ग्रंथपालाला पहिला प्रश्न हाच विचारते की, यांतले नेमके कोणते वाचावे? प्रश्न रास्त आहे. पण दहा-बारा नावांची यादी हातात ठेवली म्हणजे त्याचे उत्तर झाले असे नाही. औषधांची यादी म्हणजे चिकित्सा नव्हे. कोणते औषध कोणत्या दुखण्यावर, कोणते आधी आणि कोणते मागून, हे कळले तरच यादीचा उपयोग. म्हणून आपल्या समाजाने पैशाच्या बाबतीत काय वाचले, काय वाचले नाही, आणि त्या न वाचण्याची किंमत कोणी दिली, याचा थोडा इतिहास आम्ही आधी मांडणार आहोत. शेवटी पुस्तकांची नावेही देऊ. मात्र ती या इतिहासाने लावून दिलेल्या क्रमाने देऊ.

जुनी शिस्त

मराठी मुलखाला हिशेबाचे वळण इंग्रजांनी लावले असा एक समज आहे. तो खरा नाही. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर परंपरेने ‘मेस्तक’ घातले आहे. दप्तर कसे राखावे, कागद कोणत्या रीतीने लिहावा, याचे नियम त्यात सांगितले जातात. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर सारखे असावे, ओळी सरळ असाव्यात, कडेला समास सुटावा, या गोष्टींना परमार्थाच्या ग्रंथात जागा मिळावी हे लक्षात घेण्यासारखे आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सावकार आणि व्यापारी यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. व्यापारी राज्यात आल्याने दुर्मीळ वस्तू मिळतात, प्रसंगी कर्ज उभे राहते, म्हणून त्यांचे रक्षण करावे, असा त्याचा आशय आहे. आणि टोपीकरांना मात्र निव्वळ व्यापारी समजू नये, असा इशाराही तेथेच दिला आहे. पेशवाईच्या रोजकीर्दी तर प्रसिद्धच आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतून उतारे निवडले आणि न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांच्या आधारे मराठी राज्यकारभाराचे विवेचन केले.

तथापि वही ठेवणे ही एक गोष्ट आणि वहीचे ऐकणे ही दुसरी. थोरल्या बाजीरावाच्या फौजा नर्मदेपलीकडे गेल्या, पण ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या त्याच्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याने जेरीस आलेला माणूस दिसतो. जमेपेक्षा खर्च जास्त आहे हे त्याचे फडणीस त्याला सांगत नव्हते असे नव्हे. मोहिमा थांबविणे त्याला शक्य वा मान्य नव्हते. राज्य असो की संसार, वही फक्त सांगते. ऐकायचे की नाही हे माणसाच्या हाती राहते.

या शिस्तीला दुसरी एक मोठी मर्यादा होती. ती मूठभरांच्या हाती होती. कुळकर्णी, कारकून आणि सावकाराचा गुमास्ता हे मोडी लिहीत व वाचीत. जो कुणबी कर्ज काढी, त्याला खत वाचून दाखविले जाई. तो ते ऐके, आणि खाली सहीच्या जागी ‘निशाणी नांगर’ उमटे. त्याच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा कागद हाच, आणि तो त्याने वाचलेला नसे.

खतांची गोष्ट निघाली म्हणजे तुकोबांचे स्मरण होते. त्यांच्या घरी महाजनकी होती, वाणीपणाचा धंदा होता, लोकांकडे येणे होते. दुष्काळाने घर बसल्यावर, आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, असे परंपरा सांगते. धनकोने स्वतः होऊन खत बुडविले असा तो विरळा प्रसंग. पुढे सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर याच पुणे प्रांतात ऋणकोंनी खते हिसकावून जाळली. त्या प्रसंगाकडे येण्यापूर्वी मुंबईकडे पाहिले पाहिजे, कारण दोन्ही अनर्थांचे मूळ एकाच पिकात आहे.

वाचणाऱ्यांचे दिवाळे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मराठीत अर्थशास्त्राचे ग्रंथ निघू लागले होते. रामकृष्ण विश्वनाथ यांनी १८४३ साली हिंदुस्थानच्या प्राचीन व तत्कालीन स्थितीचा विचार करणारे पुस्तक प्रसिद्ध केले आणि व्यापार व राज्यव्यवस्था यांचा संबंध उलगडून दाखविला. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ सालचे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८५५ साली अर्थशास्त्राची परिभाषा मराठीत आणली. हे ग्रंथ मोलाचे होते. परंतु त्यांचा विषय राष्ट्राची संपत्ती हा होता. घरातल्या तिजोरीशी त्यांचा संबंध दुरून येई.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि सारी मागणी हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. चार वर्षांत मुंबईत कोट्यवधी रुपये आले. आलेला पैसा कुठे लावावा हे कळेना, तेव्हा कंपन्या निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन करण्याच्या, पेढ्यांच्या, जहाजांच्या, आणि ज्यांचा उद्देश नीटसा कोणालाच सांगता येत नव्हता अशाही. बॅक बे कंपनीच्या एका भागावर ५,००० रुपये भरलेले असताना बाजारात त्याचा भाव ५०,००० रुपयांपर्यंत चढला. प्रेमचंद रायचंद यांचा शब्द म्हणजे बाजाराचा कल असे होऊन बसले.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांचे पैसे चुकते करण्याचा दिवस होता. त्या दिवशी देणारे पुष्कळ होते, पण देण्यास पैसा कोणाजवळ नव्हता. एकामागून एक पेढ्या बसल्या. ज्या बँक ऑफ बाँबेवर सरकारचाही विश्वास होता, तिने भागांच्या तारणावर आणि ओळखीवर कर्जे वाटलेली निघाली. १८६८ साली ती गुंडाळावी लागली आणि तिच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी आयोग बसला. दिनशा वाच्छा यांनी पुढे १९१० साली या साऱ्या प्रकरणावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. आमच्या मते मुंबईच्या शेअर बाजारात पाऊल ठेवणाऱ्याने प्रथम वाचावे असे ते पुस्तक आहे.

आता प्रश्न असा की, बुडाले ते कोण? ते अडाणी नव्हते. त्यांत व्यापारी होते, वकील होते, सरकारी अंमलदार होते, गोरेही होते. वर्तमानपत्रे त्यांच्या दारी येत होती. रोज सकाळी भाव वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हते. परंतु भाव वाचणे म्हणजे कंपनी वाचणे नव्हे. ज्या कंपनीचे भाग आपण घेतले, ती करते काय, तिच्याकडे पैसा किती आहे, तिने तो कोणास दिला आहे, हे वाचण्याची तसदी फारच थोड्यांनी घेतली. अक्षरशत्रू माणूस फसतो याचे कोणास नवल वाटत नाही. साक्षर माणूस कसा फसतो, हे १८६५ सालाने दाखवून दिले.

न वाचणाऱ्यांचे खत

मुंबईतला पूर ओसरला तेव्हा त्याचा गाळ देशावर साचला. कापसाच्या तेजीत सावकाराने हात सैल सोडला होता आणि कुणब्यानेही कर्ज काढले होते. भाव उतरले. त्याच सुमारास, १८६७ पासून, काही तालुक्यांत साऱ्याची फेरआकारणी होऊन सारा वाढला. देणे तेवढेच राहिले, किंबहुना वाढत गेले, आणि उत्पन्न घटले.

ते कसे वाढत गेले हे पाहण्यासारखे आहे. हिंदू धर्मशास्त्रात दामदुप्पटीचा नियम होता. एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करू नये, असा त्याचा अर्थ. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावरील दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू कुळाच्या हिताचा होता. पण झाले उलटेच. मुदत संपण्यापूर्वी सावकार नवे खत लिहून घेई, आणि थकलेले व्याज नव्या खतात मुद्दल होऊन बसे.

एक साधे उदाहरण घेऊ. १०० रुपये दरमहा दोन टक्क्यांनी घेतले. तीन वर्षांत व्याज ७२ रुपये झाले. नवे खत १७२ रुपयांचे. आणखी तीन वर्षांनी सुमारे २९६ रुपयांचे. नवव्या वर्षाअखेर ५०८ रुपयांहून जास्त. मधल्या काळात कुळाच्या हाती नवा छदामही आलेला नाही. आणि गंमत अशी की, प्रत्येक खतापुरते पाहिले तर व्याज मुद्दलाच्या खालीच आहे. दामदुप्पट कोठेही मोडलेली नाही. ज्याला तिन्ही खते शेजारी ठेवून वाचता आली असती, त्याला ही युक्ती पाच मिनिटांत उमगली असती. पण खते सावकाराच्या पेटीत होती, मोडीत होती, आणि ज्याचे घर त्यांत गेले त्याला अक्षर ठाऊक नव्हते. यात प्रत्येक सावकार लबाड होता असे आम्हांस म्हणावयाचे नाही. ज्या व्यवहारात एक पक्ष वाचतो आणि दुसरा फक्त ऐकतो, तो व्यवहार प्रामाणिक माणसालाही फार काळ प्रामाणिक राहू देत नाही, इतकेच आमचे म्हणणे आहे.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे या गावी, बाजारच्या दिवशी, जमाव सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून गेला. पुढे पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावी तेच घडले. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की, जिवावर उठणे क्वचितच झाले. लोकांना हवी होती खते. खते मिळाली तेथे ती जाळण्यात आली आणि सावकाराने ती निमूटपणे दिली तेथे त्याला बहुधा सोडून देण्यात आले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना आपल्या दैन्याचा कागद कोणता हे मात्र अचूक ठाऊक होते.

महात्मा फुल्यांनी हे दुखणे फार आधी ओळखले होते. १८५५ साली लिहिलेल्या त्यांच्या ‘तृतीय रत्न’ नाटकात लुबाडले गेलेले शेतकरी जोडपे शेवटी शाळेची वाट धरते. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये कर्ज, कचेरी आणि कागद यांच्या कात्रीत सापडलेल्या कुणब्याचे चित्र आहे. हे लिहिणारा गृहस्थ नुसता सुधारक नव्हता. त्याने बांधकामाचे ठेके घेतले होते, मजुरांचा आणि मालाचा हिशेब ठेवला होता. पैशाविषयीच्या मराठी वाङ्मयात ‘असूड’ धरला जात नाही. वस्तुतः तो तेथे पहिल्या रांगेत बसावा.

त्याच १८७५ साली लंडनमध्ये सॅम्युअल स्माइल्सचे काटकसरीवरील पुस्तक निघाले. त्याचे ‘स्वावलंबन’ शिकविणारे पहिले पुस्तक १८५९ सालीच गाजले होते. माणसाने मिळकतीहून कमी खर्च करावा, उरलेले साठवावे, व्यसने टाळावीत, हा त्याचा उपदेश. उपदेशात खोट नाही. पण सुप्याच्या कुणब्याला तो कोणी वाचून दाखविला असता तर काय झाले असते? ज्याची खळ्यावरची रास खतातच लिहून गेली आहे, त्याने साठवावे ते काय? काटकसरीचे पुस्तक ज्याच्याजवळ काही उरते त्याच्यासाठी असते. ज्याच्याजवळ काही उरत नाही त्याने आधी ते का उरत नाही याचा कागद वाचला पाहिजे, आणि तो वाचता येईल अशी व्यवस्था समाजाने केली पाहिजे. हा क्रम उलटा केला की उपदेशाची कुचेष्टा होते.

१८७५ साल आणखी दोन गोष्टींसाठी ध्यानात ठेवावे. मुंबईच्या शेअर दलालांनी आपली संघटित मंडळी त्याच साली स्थापन केली. आणि पुण्यात वसंतकाळी व्याख्याने करण्याचा उपक्रम न्यायमूर्ती रानडे यांनी सुरू केला तोही त्याच साली. एका बाजूला बाजार संघटित होत होता, एका बाजूला खते जळत होती, आणि मध्ये काही थोडी माणसे ज्ञान बोलून वाटावे म्हणून धडपडत होती. वाचता न येणाऱ्यालाही ऐकता येते, ही गोष्ट आमच्या वसंत व्याख्यानांच्या मुळाशी आहे. आणि म्हणून हा विषय या मांडवात परका नाही.

पासबुकाचा कायदा

दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यातील न्यायालयाचे अधिकार नेहमी सांगितले जातात. न्यायाधीशाने केवळ शेवटचे खत न पाहता पहिल्या देण्यापासूनचा सगळा हिशेब उकलावा, असे त्यात होते. पण आम्हांस त्याची दुसरी कलमे अधिक महत्त्वाची वाटतात. शेतकऱ्याचे खत गावच्या नोंदणी अंमलदारासमोर लिहिले जावे. पैसे पोचल्याची पावती मिळावी. मागितल्यास दरसाल हिशेबाचा उतारा मिळावा, आणि ज्यात देणे-घेणे वेळोवेळी लिहिले जाईल असे पासबुक कुळाच्या हाती असावे. कायद्याने प्रथमच असे म्हटले की, हिशेब हा धनकोच्या पेटीतला ऐवज नव्हे. त्याची प्रत ऋणकोच्या घरी असली पाहिजे.

या कायद्याने कर्ज संपले नाही. सावकारांनी वाटा शोधल्या. खताऐवजी खरेदीखत करून जमीन लिहून घेण्याची चाल वाढली. पण तत्त्व रुजले. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना आधार दिला आणि सभासदाला संस्थेची वही पाहण्याचा, वार्षिक सभेत प्रश्न विचारण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे १९५४ साली ग्रामीण पतपाहणीचा जो अहवाल आला, त्यात शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला, यावरून रस्ता किती लांबचा होता ते कळेल. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरेच्या काठी उभा केलेला साखर कारखाना याच रस्त्यावरचा मुक्काम होय.

इकडे शहरातील मध्यमवर्गाने पेढ्यांवर विश्वास टाकला आणि त्यालाही धडे मिळाले. १९१३ साली मुंबईची इंडियन स्पेसी बँक आणि तिच्यासारख्या अनेक बँका बुडाल्या. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक बंद पडली, तेव्हा कोठे ठेवींच्या विम्याची निकड सर्वांना पटली. १ जानेवारी १९६२ पासून तो सुरू झाला. प्रारंभी एका ठेवीदाराला एका बँकेत १,५०० रुपयांपर्यंतच संरक्षण होते. २०२० पासून ते ५ लाख रुपयांपर्यंत आहे. ही मर्यादा किती आहे हे माहीत नसताना आयुष्याची पुंजी एकाच ठिकाणी ठेवणारी माणसे आजही भेटतात. पासबुक घरात असते, पण त्यावरची अक्षरे वाचली जात नाहीत.

मग वाचावे काय?

आता यादीकडे येऊ.

पहिले वाचन स्वतःच्या वहीचे. रोजकीर्द आणि खतावणी हे शब्द जुने झाले, पण गोष्ट जुनी झालेली नाही. रोजचा जमाखर्च जसा घडला तसा लिहावा, आणि महिनाअखेर तो खात्यांवर चढवावा. किराणा किती, शिक्षण किती, औषधपाणी किती, हप्ते किती. लुका पाचोली या इटालियन संन्याशाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात दुहेरी नोंदीची रीत सांगितली. तिचे मर्म एवढेच की, आलेल्या प्रत्येक रुपयाला कुठून आला आणि कुठे गेला असे दोन प्रश्न विचारायचे. धंदा करणाऱ्याने ही रीत शिकलीच पाहिजे. शाळेतील पुस्तपालनाचे कोणतेही चांगले पाठ्यपुस्तक त्यासाठी पुरेसे आहे. घरच्या पैशातून धंद्याचा खर्च आणि धंद्याच्या गल्ल्यातून घरचा खर्च करणारे लहान दुकानदार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना नफा झाला की तोटा, हे त्यांचे त्यांनाच सांगता येत नाही.

दुसरे वाचन ज्या कागदावर आपण सही करतो त्याचे. कर्जाचा करार, विम्याचा करारनामा, जामीनकीचा कागद, कंपनीचा ताळेबंद. हे वाङ्मय रुक्ष आहे हे मान्य. पण त्याच्या एकेका कलमात आपल्या घराचे दार उघडते किंवा बंद होते. व्याज शेकडा किती एवढेच विचारून भागत नाही. ते वर्षाचे की महिन्याचे, उरलेल्या मुद्दलावर की मूळ रकमेवर, आणि हप्ता चुकला तर दंड कशावर, हे विचारले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी असा नियम केला आहे की, सर्व खर्च धरून वर्षाला पडणारा खरा दर आणि इतर मुख्य अटी एका विवरणात, कर्जदाराला समजेल अशा भाषेत, त्याला आधी दिल्या पाहिजेत. १८७९ च्या पासबुकाचेच हे नवे रूप होय.

तिसरे वाचन बुडीत व्यवहारांच्या इतिहासाचे. वाच्छांचे पुस्तक आम्ही सांगितलेच. दख्खनच्या दंग्यांवरील आयोगाचा अहवाल आणि रानड्यांचे आर्थिक निबंध ज्यांना इंग्रजी अवगत आहे त्यांनी चाळावेत. ‘असूड’ सर्वांनी वाचावा. या वाचनाने माणूस श्रीमंत होणार नाही, पण बाजारात सगळे एकाच दिशेने धावू लागले म्हणजे तो क्षणभर थांबेल. या थांबण्याची आज किती गरज आहे हे सेबीच्या २०२४ मधील पाहणीवरून दिसते. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत भागबाजाराच्या वायदे व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. १८६५ साली भाव कळण्यास बाजारात जावे लागे. आता ते तळहातावर दिसतात. वाचण्याची रीत मात्र बदललेली नाही.

चौथे वाचन चरित्रांचे आणि आत्मचरित्रांचे. पैशाशी माणूस प्रत्यक्षात कसा वागतो हे उपदेशाच्या पुस्तकांपेक्षा येथे खरे कळते. धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. मुरूड गावाच्या हितासाठी गावकऱ्यांनी आपापल्या मिळकतीच्या मानाने थोडे थोडे बाजूला काढावे म्हणून त्यांनी उभारलेला मुरूड फंड, आणि पै-पैशाचा चोख हिशेब देऊन मिळविलेला लोकांचा विश्वास, ही कोणत्याही संस्थाचालकाला पुरणारी शिदोरी आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या यादीत पाहून काहींना नवल वाटेल. पण हातात आलेला पैसा घरी पोचेलच याची शाश्वती नसलेल्या उदार कविपतीबरोबर संसार कसा रेटला, याची इतकी खरी आणि इतकी हसरी कहाणी दुसरीकडे मिळणार नाही. घरखर्चाचे ओझे कोण वाहते आणि त्याचा निर्णय कोण घेते, हा प्रश्न ती वाचताना आपोआप पुढे येतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला आणि १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. त्यांच्या उद्योगाचे वातावरण शंकरराव किर्लोस्करांच्या ‘शंवाकीय’ मध्ये सापडते. परदेशी चरित्रांत बेंजामिन फ्रँकलिनचे आत्मचरित्र पहिले. छापखाना नवा असताना कागदाचे गठ्ठे आपण स्वतः ढकलगाडीवर घालून रस्त्याने नेत असू, आणि ते लोकांना दिसावे हाही त्यात हेतू होता, हे त्याने मोकळेपणाने सांगितले आहे. पत ही नुसत्या पैशाने बनत नाही, हा धडा त्यात आहे.

आणि शेवटी, पाचवे वाचन सल्ल्याच्या पुस्तकांचे. ज्या पुस्तकांनी आज कपाटे भरली आहेत ती आम्ही शेवटी ठेवतो, टाकून देत नाही. त्यांत प्रतवारी मात्र करावी. बेंजामिन ग्रॅहम या अमेरिकन लेखकाचे शहाण्या गुंतवणूकदारावरील पुस्तक १९४९ साली निघाले. १९२९ च्या कोसळीत लेखकाला स्वतःला जबर फटका बसला होता, आणि त्यानंतर त्याने कंपन्यांचे ताळेबंद बारकाईने वाचण्याचे शास्त्र सिद्ध केले. बाजार हा रोज दारी येऊन वेगवेगळा भाव सांगणारा लहरी भागीदार आहे. त्याचे ऐकावे, पण त्याच्या लहरीने आपले मोल ठरवू नये, ही त्याची कल्पना मुंबईच्या १८६५ सालाला तंतोतंत लागू पडते. जॉर्ज क्लेसनच्या बाबिलोनमधील कथा १९२० नंतरच्या काळात लहान पुस्तिकांच्या रूपाने निघाल्या, आणि बँका व विमा कंपन्या त्या लोकांना वाटीत असत. मिळकतीचा दहावा हिस्सा प्रथम स्वतःसाठी बाजूला ठेवावा हे त्यांचे सार. सार उत्तम आहे. पण ठेवी गोळा करणाऱ्यांनीच ते पुस्तक वाटले हेही वाचकाने ध्यानात ठेवावे. पुस्तक कोणाच्या पदरच्या पैशाने आपल्या हाती आले, हा पैशाच्या पुस्तकाविषयी विचारावयाचा पहिला प्रश्न आहे. जे पुस्तक आपल्याला आपल्या वहीकडे परत पाठविते ते ठेवावे. जे वहीचा विसर पाडून केवळ श्रीमंतीची स्वप्ने रंगविते ते खुशाल परत करावे.

येथे एक आक्षेप येईल. धावपळीच्या दिवसांत एवढे वाचण्यास सवड कोणास आहे? आमचे उत्तर असे की, पाचांपैकी शेवटचे तीन न वाचून चालेल; पहिली दोन न वाचून चालणार नाही. रोज रात्री वहीसाठी दहा मिनिटे आणि सहीपूर्वी कागदासाठी एक तास, एवढी सवड नसेल तर तो कागद त्या दिवशी सहीसाठी पुढे घेऊ नये. आणि ज्यांना वाचता येत नाही, किंवा इंग्रजी कागद समजत नाही, त्यांच्यासाठी हे काम गावच्या ग्रंथालयाने अंगावर घ्यावे. आठवड्यातून एक संध्याकाळ कोणी जाणत्याने तेथे बसावे आणि येईल त्याचा कागद त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवावा. यास इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. एक टेबल आणि दोन खुर्च्या पुरतात.

आज कर्ज काढताना मोबाईलच्या पडद्यावर ‘सर्व अटी वाचल्या व मान्य आहेत’ अशी एक चौकट येते, आणि तिच्यावर शिकलेली माणसे न वाचता बोट ठेवतात. ती चौकट आणि ‘निशाणी नांगर’ यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही. फरक असलाच तर एवढा की, सुप्याच्या कुणब्याला वाचता येत नव्हते आणि आपल्याला येते. कुळाच्या हाती पासबुक पोचविण्यास सुप्याच्या आगीनंतर चार वर्षे आणि एक कायदा लागला. ते उघडून वाचण्याची सक्ती मात्र कोणत्याही कायद्याला करता येत नाही. ते काम आपले आहे.